गरम इंजिन सुरू होत नाही: माझदा आरएक्स-८च्या एका वॉरंटी दाव्याचा अभ्यास

माझदा आरएक्स-८ ही स्पोर्ट्स कार २००३ ते २०१२ या काळात तयार झाली. पिस्टनऐवजी दोन रोटर असलेले, जेमतेम १.३ लिटरचे वांकेल इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्सच्या आवृत्तीत मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाण्याची मुभा, ही तिची ओळख होती. याच गाडीची एक तक्रार तितकीच परिचित आहे. सकाळी थंड इंजिन एका झटक्यात सुरू होते. पण गाडी तासभर चालवून पेट्रोल भरण्यासाठी बंद केली आणि दहा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली, की स्टार्टर नुसता फिरत राहतो आणि इंजिन पकड घेत नाही. अर्धा-पाऊण तास थांबले की तीच गाडी काहीच न घडल्यासारखी सुरू होते. या तक्रारीमागे एखाद-दुसरा किरकोळ भाग असू शकतो, किंवा संपूर्ण इंजिन बदलावे लागेल अशी झीजही असू शकते. वॉरंटीच्या दृष्टीने या दोन शक्यतांमधले अंतर फार मोठे आहे, आणि ते ठरवण्याचे काम बहुतेक वेळा घाईत केले जाते.

पुढे मांडलेले प्रकरण अशा तक्रारींच्या नेहमीच्या वाटचालीवरून नमुन्यादाखल जुळवलेले आहे. त्यातील मालक आणि डीलर या विशिष्ट व्यक्ती किंवा संस्था नाहीत, आणि त्या गाडीवर घेतलेली मापेही उदाहरणादाखल आहेत. इंजिनाची रचना, कंपनीने नेमून दिलेल्या मर्यादा, अमेरिकेतील वॉरंटीची मुदत आणि तिथला कायदा मात्र प्रत्यक्षातला आहे.

गाडी आणि तक्रार

गाडी २००५ मध्ये अमेरिकेत प्रथम विकली गेलेली, सहा गिअरची मॅन्युअल आवृत्ती. सध्याचा मालक दुसरा. २०११ मध्ये, ७१,००० मैलांवर, तो अधिकृत डीलरकडे गेला. कंपनीने २००८ मध्ये अमेरिकेतील २००४ ते २००८ या मॉडेल-वर्षांच्या आरएक्स-८ गाड्यांसाठी इंजिनाच्या गाभ्याची, म्हणजे रोटर, सील आणि हाउसिंग यांच्या मूळ जुळणीची, वॉरंटी मूळ वॉरंटी सुरू झाल्याच्या तारखेपासून आठ वर्षे किंवा १,००,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल तितकी वाढवली होती. त्यामुळे कालावधी आणि मैल या दोन्ही हिशेबांनी ही गाडी मुदतीत होती. मुदतीचा वाद कधीच नव्हता. वाद होता तो बिघाड ‘गाभ्यात’ आहे की बाहेर, एवढाच.

डीलरकडे जाण्यापूर्वी मालकाने स्वतःहून दोन गोष्टी केल्या होत्या. इंजिन सुरू होत नाही म्हणून त्याने आधी बॅटरी बदलली आणि मग मूळ स्टार्टर काढून जास्त वेगाने फिरणारा स्टार्टर बसवला. काही महिने गाडी सुरळीत सुरू झाली, मग तक्रार परतली. यापूर्वीच्या मालकाने मूळ एअर बॉक्स काढून उघडा एअर फिल्टरही बसवलेला होता. या दोन्ही बदलांना पुढे महत्त्व आले, आणि त्यांतही स्टार्टरला, ज्याच्याकडे सुरुवातीला कुणाचेच लक्ष नव्हते.

डीलरच्या पहिल्या जॉब कार्डावर मोजक्या शब्दांत निष्कर्ष होता: तक्रार आढळली नाही, गाडी व्यवस्थित सुरू होते. गाडी आदल्या संध्याकाळी सोडलेली होती आणि तंत्रज्ञाने ती सकाळी पाहिली. थंड इंजिन सुरू होतेच, ही तर तक्रारीतलीच अर्धी माहिती होती. काउंटरवर सांगितलेली ‘कधी कधी सुरू होत नाही’ ही तक्रार जॉब कार्डावर तशीच उतरली, की तंत्रज्ञाला ती कोणत्या परिस्थितीत तपासायची हे कळण्याचा मार्गच उरत नाही. दुसऱ्या खेपेला मालकाने लेखी दिले: गाडी किमान अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण गरम करावे, बंद करून दहा ते पंधरा मिनिटे उभी ठेवावी, आणि मग सुरू करून पाहावी, ही पद्धत जॉब कार्डावर नोंदवावी. सोबत त्याने स्वतः केलेल्या चित्रीकरणात तापमानाचा काटा आणि स्टार्टरचा आवाज एकत्र येईल याची काळजी घेतली होती. या वेळी तक्रार पहिल्याच प्रयत्नात दिसली.

दाब नेमका कुठून निसटतो

वांकेल इंजिनात त्रिकोणी रोटर एका लंबगोलासारख्या कवचात, म्हणजे हाउसिंगमध्ये, फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांवर एपेक्स सील, बाजूंना साइड सील आणि कोपऱ्यांत त्यांना जोडणारे कॉर्नर सील असतात. रोटरच्या तीन बाजू म्हणजे तीन स्वतंत्र दहनकक्ष. दोन रोटर मिळून सहा. पिस्टन इंजिनात एक सिलिंडर कमजोर झाला तर इतर तीन किंवा पाच ते ओझे उचलतात. इथे मात्र एक एपेक्स सील झिजला की त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन कक्ष एकदम गळू लागतात, कारण तो सील दोघांमधली सामाईक भिंत असतो. साइड सीलची झीज त्या मानाने एकाच बाजूपुरती राहू शकते. म्हणूनच तिन्ही बाजूंची मापे वेगवेगळी मिळाली, तर इंजिन न उघडताही कोणता सील संशयित आहे याचा बराच अंदाज बांधता येतो.

आरएक्स-८च्या रेनेसिस इंजिनात एक्झॉस्टची तोंडे हाउसिंगच्या परिघावरून काढून बाजूच्या भिंतींवर नेलेली आहेत. त्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे राहत नाहीत आणि धूर स्वच्छ होतो. पण गरम वायू आणि कार्बन यांचा मारा साइड सीलजवळ होऊ लागतो. सीलांना वंगण मिळावे म्हणून मीटरिंग पंप थोडे थोडे इंजिन ऑइल मुद्दाम कक्षात सोडतो, म्हणजे ऑइल खर्च होणे हे या इंजिनात बिघाडाचे लक्षण नाही, उलट तो त्याच्या रचनेचा भाग आहे. २००९च्या सुधारित आवृत्तीत कंपनीने प्रत्येक रोटरसाठी ऑइलचा तिसरा नोझल दिला. आपल्या २००५च्या गाडीत दोनच होते.

गरम इंजिनाचाच त्रास का, याचे उत्तर यातच आहे. थंड असताना कक्षात घट्ट ऑइलचा थर असतो आणि इंधनही भरपूर सोडले जाते; झिजलेल्या सीलांच्या फटी त्याने काही प्रमाणात झाकल्या जातात. गरम झाल्यावर ऑइल पातळ होते, तो थर उरत नाही, आणि स्टार्टरच्या मंद गतीला प्रत्येक कक्षातील हवा पुरेशी दाबली जाण्याआधीच शेजारच्या कक्षात निसटते. इंजिन एकदा सुरू झाले की फेऱ्या इतक्या वाढतात की निसटायला वेळच मिळत नाही, आणि गाडी जवळजवळ पूर्ववत धावते. झीज असूनही रस्त्यावर शक्ती फारशी कमी जाणवत नाही, ती याच कारणाने. मॅन्युअल गाडी उतारावर सोडून क्लच उचलल्यावर गरम इंजिन लगेच सुरू होत असेल, तर ते दाब कमी असल्याचे बऱ्यापैकी भरवशाचे लक्षण मानता येते. कारण त्या वेळी स्टार्टरपेक्षा कितीतरी जास्त वेगाने इंजिन फिरवले जाते. या मालकाने तसे दोनदा करून पाहिले होते आणि ते जॉब कार्डावर नोंदवूनही घेतले.

आधी काय वगळावे

कमी दाबाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याच लक्षणाची इतर कारणे वगळावी लागतात. कमजोर बॅटरी आणि मंद स्टार्टर ही पहिली दोन. ती इथे आधीच बदलली होती. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केल्यास कक्षात इंधन साचते आणि प्लग ओले होतात. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला की इंधनाची फवारणी थांबते आणि साचलेले पेट्रोल बाहेर पडते. पण हा त्रास थंड इंजिनाचा, म्हणून इथे लागू नव्हता. शाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर आणि शीतकाचे तापमान सांगणारा सेन्सर स्कॅनरवर योग्य मूल्ये देत होते.

उरले इग्निशन. या इंजिनात प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, पुढचा आणि मागचा मिळून चार, आणि चारही प्लगांना स्वतंत्र कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज पुरवणारा भाग. या कॉइल उष्णतेत काम करतात, दर फेरीला ठिणगी देतात आणि कालांतराने कमजोर होतात. कॉइल पूर्ण बंद पडली तर दुसरा प्लग काही काळ वेळ मारून नेतो, त्यामुळे चालकाला फक्त किंचित अडखळणे जाणवते. तंत्रज्ञाने स्कॅनर जोडल्यावर पी०३०२ हा कोड प्रलंबित यादीत सापडला. या इंजिनात तो मागच्या रोटरच्या मिसफायरकडे, म्हणजे तिथले इंधन नीट न पेटण्याकडे, बोट दाखवतो. डॅशबोर्डावरचा दिवा पेटण्याइतका तो पुन्हा पुन्हा आला नव्हता, म्हणून आजवर कुणी पाहिला नव्हता. संशयित कॉइल पुढच्या रोटरकडे लावून गाडी चालवली, तेव्हा मिसफायरही पुढे सरकला. कॉइलचा दोष निश्चित झाला.

इथेच डीलरने काम संपवण्याची तयारी केली. चार कॉइल, चार प्लग, वायरी, असे अंदाजपत्रक तयार झाले, आणि सर्व्हिस ॲडव्हायझरने सांगितले की कॉइल हा झिजणारा भाग असून वाढीव वॉरंटीत बसत नाही. दोन्ही विधाने खरी होती. पण कॉइल खराब सापडली म्हणून दाब चांगला आहे असे सिद्ध होत नाही, आणि मालकाने दाबाची चाचणी झाल्याशिवाय कामाला मंजुरी देण्यास नकार दिला. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत योग्य निर्णय होता. एक दोष सापडल्यावर शोध थांबवण्याची सवय कार्यशाळांत फार खोल गेलेली आहे. आणि या इंजिनात कॉइलचा दोष हा पुष्कळदा मोठ्या झिजेचा आरंभ असतो, शेवट नसतो.

चाचणी, आणि तिच्यातला एक रकाना

साध्या पिस्टन इंजिनाचा दाबमापक या कामाला चालत नाही. त्यात दाब अडवून धरणारी झडप असते, त्यामुळे तो तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा दाखवून उरलेल्या दोन लपवतो. ती झडप काढली तर काट्याच्या तीन उड्या दिसतात आणि त्या समान आहेत का एवढे कळते. वॉरंटीच्या कागदावर मात्र ते पुरत नाही. कंपनीचे खास उपकरण प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगवेगळे आकडे देते आणि त्यासोबत चौथा आकडा देते, तो म्हणजे चाचणीच्या वेळी इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांनी फिरत होते.

कंपनीच्या मर्यादा अशा आहेत. प्रमाणित दाब ८३० किलोपास्कल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ८.५ किलोग्रॅम. किमान ६८० किलोपास्कल, म्हणजे ६.९ किलोग्रॅम. एकाच रोटरच्या बाजूंमधील फरक १.५ किलोग्रॅमपेक्षा आणि दोन रोटरांमधील फरक १ किलोग्रॅमपेक्षा जास्त नसावा. आणि हे सर्व २५० फेऱ्यांच्या गतीला.

डीलरच्या कागदावर पुढचा रोटर ८.१, ८.० आणि ८.१ होता, मागचा ७.३, ७.१ आणि ७.२. सहाही आकडे ६.९च्या वर, बाजूंमधला फरक नगण्य, रोटरांमधला फरक ०.९. शेरा लिहिला गेला: दाब मर्यादेत, इंजिन योग्य, वॉरंटी लागू नाही. फेऱ्यांच्या रकान्यात ३०५ लिहिले होते.

सगळे प्रकरण त्या रकान्यावर उलटले. इंजिन जितक्या वेगाने फिरते तितका निसटायला कमी वेळ मिळतो आणि मोजलेला दाब वाढतो. म्हणूनच कंपनीच्या पुस्तिकेत दाब आणि फेऱ्या यांचा आलेख दिलेला असतो. त्यातली किमान मर्यादेची रेषा फेऱ्यांबरोबर वर चढत जाते, आणि ६.९ हा तिच्यावरचा केवळ २५०चा बिंदू आहे. ३०५ फेऱ्यांना मिळालेल्या ७.१ची तुलना २५०च्या ६.९शी करणे म्हणजे दोन वेगळ्या परिस्थितींची मापे एकाच पट्टीवर ठेवणे होय. आलेखावर मागच्या रोटरचे तिन्ही बिंदू किमान रेषेच्या खाली पडत होते.

आणि फेऱ्या ३०५ का होत्या? मालकाने बसवलेल्या वेगवान स्टार्टरमुळे. ज्या भागाने त्याला काही महिने दिलासा दिला, त्याच भागाने चाचणीत झीज झाकली. अशा स्टार्टरला माझा विरोध नाही. मूळचा स्टार्टर संथ होता हे अनेक मालकांनी अनुभवलेले आहे आणि वेगवान स्टार्टर बसवणे ही समंजस सुधारणा आहे. पण तो बसवल्यानंतर जो कुणी दाब मोजेल त्याने फेऱ्यांची दुरुस्ती करून आकडे लिहिलेच पाहिजेत, आणि मालकाने तो कागद हातात घेऊन चौथा आकडा पाहिलाच पाहिजे. उलट बाजूनेही हेच खरे आहे. उतरलेल्या बॅटरीवर २०० फेऱ्यांना घेतलेले ६.५ पाहून चांगले इंजिन खराब ठरवले जाऊ शकते. फेऱ्यांचा फरक धरून आकडे सुधारल्यावर ते मर्यादेत बसण्याची शक्यता असते.

पहिल्या चाचणीत आणखी एक उणीव होती. ती इंजिन पूर्ण गरम असताना झाली की नाही याची नोंदच नव्हती, आणि वेळ पाहता गाडी किमान दोन तास उभी असावी. मालकाने दुसऱ्या अधिकृत डीलरकडे गाडी नेली. वॉरंटीचे काम कोणत्याही अधिकृत डीलरकडे करून घेता येते, विकणाऱ्याकडेच जावे लागते असे नाही. ही साधी गोष्ट अनेकांना वेळेवर आठवत नाही. तिथे इंजिन पूर्ण गरम करून, चार्जर जोडून, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून चाचणी झाली. पुढचा रोटर ७.९, ७.८, ७.९. मागचा ६.७, ६.६, ६.७, तोही ३०० फेऱ्यांना. आता फेऱ्यांचा फरक धरून आकडे सुधारण्याचीही गरज नव्हती: मागचा रोटर कच्च्या आकड्यांतच किमान मर्यादेखाली होता आणि दोन रोटरांमधला फरक १.२ झाला होता. तिन्ही बाजू सारख्याच खालावलेल्या असल्याने एखादा सील तुटला नसून सगळ्याच सीलांची किंवा हाउसिंगच्या पृष्ठभागाची झीज झाली आहे, असा अर्थ लागत होता.

नकाराची तीन कारणे

दुसऱ्या डीलरने दावा कंपनीकडे पाठवला आणि तो परत आला. कारणे तीन होती: उघडा एअर फिल्टर, मूळचा नसलेला स्टार्टर, आणि पहिल्या मालकाच्या काळातील सुमारे दीड वर्षाच्या ऑइल बदलाच्या पावत्यांचा अभाव.

अमेरिकेतील मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा १९७५चा आहे आणि त्याची अंमलबजावणी फेडरल ट्रेड कमिशन पाहते. गाडीत बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही, आणि विशिष्ट ब्रँडचाच भाग वापरण्याची अट घालायची असेल तर तो भाग फुकट द्यावा लागतो किंवा कमिशनची विशेष परवानगी घ्यावी लागते. बाहेरच्या भागामुळेच हे नुकसान झाले असे दिसून आले तर मात्र नकार योग्य ठरतो. या शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष करून ‘कायदा माझ्या बाजूने आहे’ असे काउंटरवर ठणकावणारे मालक आपलीच बाजू कमजोर करतात, कारण उघड्या फिल्टरमुळे धूळ आत जाऊन हाउसिंग घासले जाणे ही अशक्य गोष्ट नाही. प्रश्न एवढाच की या इंजिनात तसे झाले का.

मालकाने तिन्ही मुद्द्यांना वेगवेगळे उत्तर दिले. फिल्टरमधून धूळ आली असती तर ती दोन्ही रोटरांत गेली असती, कारण इनटेक सामाईक आहे. मग पुढचा रोटर मागच्यापेक्षा इतका चांगला राहिला नसता. स्टार्टर इंजिन सुरू होईपर्यंतच काम करतो आणि त्याचा सीलांच्या झिजेशी संबंध जोडण्याजोगे काही कुणी दाखवले नव्हते. ऑइलच्या पावत्यांचा मुद्दा तिन्हींत सर्वांत वजनदार होता, आणि त्याला त्याने तशीच दखल देऊन उत्तर दिले. स्वतःच्या मालकीच्या काळातील प्रत्येक ऑइल बदलाची पावती मैलांच्या नोंदीसह जोडली, पहिल्या मालकाने ज्या डीलरकडे देखभाल केली होती त्याच्याकडून उपलब्ध नोंदी मागवल्या, आणि एक प्रस्ताव ठेवला: ऑइल कमी पडल्याने इंजिन खराब झाले असेल तर शाफ्टच्या बेअरिंगांवर त्याच्या खुणा दिसतील, तेव्हा इंजिन उघडून ती तपासावीत, आणि तशा खुणा दिसल्या तर तपासणीचा खर्च तो स्वतः देईल.

या प्रस्तावाने पत्रव्यवहाराचा सूर बदलला. तोपर्यंत दोन्ही बाजू विधाने करत होत्या. आता तपासता येईल असा एक प्रश्न समोर होता. कंपनीचा विभागीय प्रतिनिधी गाडी पाहण्यासाठी आला, तेव्हा मालकाने तारखेनुसार लावलेली एकच फाइल त्याच्यासमोर ठेवली: तिन्ही जॉब कार्डे, फेऱ्यांसह दोन्ही चाचण्यांचे कागद, आलेखावर मांडलेले बिंदू, मिसफायरचा कोड आणि कॉइल बदलून पाहिल्याचा निकाल. ग्राहक सहायता केंद्रात नोंदवलेल्या प्रकरणाचा क्रमांक प्रत्येक पानावर होता. इंजिन न उघडताच दावा मंजूर झाला.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वेगळी वॉरंटी

मंजुरी फक्त इंजिनाच्या गाभ्यासाठी होती, आणि प्रकरण इथेच सोडले असते तर नवे इंजिनही लवकर त्याच वाटेला गेले असते. मागच्या रोटरमध्ये कॉइल अनेक महिने कमजोर होती. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या भागात, जळते, त्याचा गाभा अतितापतो आणि वितळून अंशतः बंद होतो. मग एक्झॉस्टचा अडवलेला उष्ण वायू पुन्हा इंजिनाकडे दाब देतो, आणि रेनेसिसमध्ये तो थेट साइड सीलांच्या शेजारी असतो. कॉइल, कन्व्हर्टर आणि सील यांचा हा क्रम बहुधा असाच घडला असावा.

ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबमापक लावून पाहिल्यावर कन्व्हर्टर अडलेला असल्याचे स्पष्ट झाले. तो वाढीव इंजिन वॉरंटीत येत नाही, म्हणून अंदाजपत्रकात त्याची पूर्ण किंमत मालकाच्या नावावर लिहिली गेली. पण अमेरिकेत प्रदूषण नियंत्रणाच्या कायद्यानुसार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक यांना आठ वर्षे किंवा ८०,००० मैलांची वेगळी वॉरंटी असते. ७१,००० मैलांवरची ही गाडी तीतही बसत होती. डीलरच्या संगणकात हा दावा वेगळ्या संकेतांकाने भरावा लागतो आणि तो आपोआप पुढे येत नाही. मालकाने वॉरंटी पुस्तिकेतले ते पान उघडून दाखवले, तेव्हा तो भरला गेला. नऊ हजार मैल उशीर झाला असता तर हा दरवाजा बंद होता. गरम सुरू होण्याची तक्रार ‘अजून थोडे बघू’ म्हणून लांबवणाऱ्यांना मला सगळ्यात आधी हेच सांगावेसे वाटते.

दुरुस्ती

कंपनीकडून पुनर्निर्मित इंजिन आले, जुने परत गेले. चार कॉइल, प्लग आणि वायरी यांचा खर्च मालकाने दिला, आणि तो योग्यच होता. झिजणाऱ्या भागांना वॉरंटी मागण्यात अर्थ नव्हता आणि जुन्या कॉइलवर नवे इंजिन चालवणे हा उघड धोका होता. इंजिन बाहेर असतानाच रेडिएटरचे पंखे, शीतकाच्या नळ्या आणि ऑइल मीटरिंगच्या नळ्या तपासून घेतल्या. मीटरिंगचे दोन्ही नोझल प्रत्येक रोटरला खरोखर ऑइल देत आहेत, हे नवे इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहणे मला अत्यावश्यक वाटते, कारण तुंबलेली नळी कोणताही दिवा पेटवत नाही.

बदललेल्या इंजिनाची वॉरंटी किती काळ, हा प्रश्न मालकाने गाडी ताब्यात घेण्याआधी विचारला आणि उत्तर जॉब कार्डावर लिहून घेतले: गाभ्याची आठ वर्षांची मुदत २००५च्या मूळ तारखेपासूनच मोजली जाणार होती, इंजिन नवे म्हणून नव्याने सुरू होणार नव्हती. म्हणजे हाताशी दोन वर्षेही नव्हती. म्हणून पहिल्या ऑइल बदलाच्या वेळी त्याने त्याच उपकरणाने, गरम इंजिनावर, फेऱ्या नोंदवून सहाही बाजूंचा दाब पुन्हा मोजून घेतला आणि तो कागद फाइलमध्ये लावला, म्हणजे मुदत संपण्यापूर्वीच्या शेवटच्या चाचणीतले आकडे कशाशी ताडून पाहायचे, याचा आधार त्याच्याकडे लेखी राहील.